टेम्पो सुटायच्या आधी

पहाटेचे साडेपाच. तुळशीचं लग्न लागून दोन दिवस झालेत. चंद्र खाडीच्या अंगाला कललाय, कुंडलिकेला ओहोटी आहे आणि उघड्या पडलेल्या चिखलाचा वास वाऱ्याबरोबर थेट वाडीपर्यंत येतोय. वाडीच्या तोंडाशी, आंब्याखाली टेम्पो उभा आहे. ड्रायव्हर केबिनमध्ये पाय दुमडून झोपलाय. त्याला घाई नाही. घाई आम्हाला आहे.

आम्ही तिघी आहोत. ताई, अंगणवाडीच्या बाई आणि मी. ताई जवळच्याच आगरी गावातल्या. वीसेक वर्षं या डोंगरकडेच्या वाड्यांमधून फिरतायत, त्यामुळे कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकत नाहीत. माझ्यावर भुंकतात. अलिबाग तालुक्याच्या दक्षिणेला, रामराज-सुडकोलीच्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याला ही कातकऱ्यांची वाडी आहे. घरं बावीस. वाडीचं नाव लिहीत नाही, आणि पुढे जी मुलं येतील त्यांचीही नावं लिहिणार नाही. ज्या मुलांच्या हक्कांबद्दल बोलायचं, त्यांना चव्हाट्यावर आणायचं नसतं.

सामान चढायला सुरुवात झालीय. ॲल्युमिनियमची पातेली एकात एक बसवलेली, सर्वांत आतल्या पातेल्यात मीठ-मिरचीच्या पुड्या. निळी ताडपत्री. फडक्यात गुंडाळलेला कोयता. सुक्या मासळीचं बोचकं. पाय बांधलेली एक कोंबडी. एका तरुणाने मोबाइलचा चार्जर जानव्यासारखा खांद्यावरून टाकलाय. आणि मग मुलं. मोठी मुलं स्वतः चढतात, लहानांना गोधडीसकट झोपेतच उचलून सामानाच्या मध्ये ठेवतात. मूल डोळे उघडेल तेव्हा गाव बदललेलं असेल, शाळा सुटलेली असेल, आणि हे त्याला कुणी विचारलेलंही नसेल.

ताई टेम्पोच्या फळीला पाठ लावून उभ्या राहतात. हातात लांब, लाल कापडाच्या बांधणीची वही आहे, वाण्याच्या दुकानात असते तशी. लिहिताना मोबाइलचा टॉर्च त्या दातांत धरतात. एकेका घराला थांबवून विचारतात आणि लिहितात. पोराचं नाव, वय, इयत्ता, कुणाबरोबर चाललंय, कुठल्या वीटभट्टीवर.

"यंदा कुठं?"

"पेणकडं."

"पेण केवढं मोठं हाय बाबा. पेणात कुठं?"

"शेठला ठावं."

हे उत्तर मला आज सकाळपासून चौथ्यांदा ऐकू येतंय. सहा-सात महिने जिथे राहायचं, जिथे पोरं आजारी पडणार, जिथलं पाणी प्यायचं, त्या गावाचं नाव जाणाऱ्याला माहीत नाही. ताई केबिनची काच वाजवतात. ड्रायव्हर डोळे चोळत गावाचं नाव सांगतो, मग भट्टीवाल्याचा नंबर देतो. वहीत दोन्ही उतरतं. त्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा कोणती, हे ताईंना दुपारपर्यंत शोधायचं आहे.

उचल कशी होते ते इथल्या कुणालाही विचारा. श्रावण-भाद्रपदात घरातले तांदूळ संपतात, मजुरी नसते, कुणीतरी आजारी असतं. नेमका तेव्हा मुकादम येतो आणि पैसे हातावर ठेवतो. कागद नाही, सही नाही. दिवाळी झाली की त्या पैशांसाठी भट्टीवर जायचं. तिथे दर आठवड्याला बाजारहाटापुरती खर्ची मिळते. विटांचा हिशेब हजारावर असतो आणि तो होतो पावसाच्या तोंडावर, एकदाच. हजारी किती धरली, फुटलेल्या विटा कुणाच्या अंगावर, खर्ची किती झाली, हे सगळं शेठच्या वहीत. हिशेबात काही "अंगावर राहिलं" तर पुढच्या वर्षीही तीच भट्टी. उचल देऊन माणसाला असं बांधून ठेवणं हा वेठबिगार निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा आला तेव्हा या टेम्पोत बसलेल्यांपैकी बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही. उचल मिळते ती जोडप्याला. एक चिखल मळणार, दुसरा साचा मारणार, असा हिशेब असतो. एकट्या पोराला भट्टीवर भाव नाही. त्यामुळे पोरगा सतरा-अठराचा झाला की त्याचं जोडपं व्हायची घाई सुरू होते, आणि जोडपं पुरं करायला मुलगी लागते ती पंधरा-सोळाचीच. टेम्पोच्या कोपऱ्यात अशी एक बसलीय. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात मोबाइल. ताई तिला काही विचारत नाहीत, वहीतही काही लिहीत नाहीत. माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणतात, "ही गेल्या साली शाळेत होती, आठवीला." खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविकेने त्याला साथ द्यायची असते. पण लग्न इथे मांडवात होत नाही. ते भट्टीवर, कुणाला न कळता, एका हंगामात होऊन जातं. पुढच्या वर्षी जोडपं म्हणूनच टेम्पोत चढतं.

आता ती मुलगी येते, जिच्यासाठी आम्ही खरं तर आलोय.

नऊ-दहा वर्षांची असेल. चौथीत आहे. शाळेचा निळा फ्रॉक, त्यावर बापाचा शर्ट. कडेवर भाऊ, वर्ष-सव्वा वर्षाचा. ती त्याला इतक्या सराईतपणे या कडेवरून त्या कडेवर घेते की बघत राहावं. मी तिला विचारते, "भट्टीवर काय करतेस गं?"

"याला धरते."

"आणि?"

"हा निजला की विटा पालटते."

ओली वीट साच्यातून निघाली की जमिनीवर पडून सुकते. दुसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर ती एका अंगाने ओली राहते आणि भट्टीत तडकते. विटांच्या रांगांमधली जागा पावलाएवढी. तिथून मोठ्या माणसाने चालायचं म्हटलं की धक्का लागतो. मुलांची पावलं लहान, हात हलके. म्हणून हे काम मुलांचं. शेठ म्हणतो, पोरं खेळता खेळता करतात. बाप म्हणतो, आम्हाला मदत होते. 2016 मध्ये बालमजुरीचा कायदा दुरुस्त झाला तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलाला सगळ्याच कामांवर बंदी आली. सवलत ठेवली ती कुटुंबाच्या स्वतःच्या व्यवसायात, शाळेची वेळ सांभाळून केलेल्या मदतीला. भट्टी कातकऱ्याची नसते. ती शेठची असते.

पण या पोरीची खरी अडचण विटा नाहीत, तिच्या कडेवर आहे. आई साच्यावर बसली की बाळाला धरायला कुणीतरी हवं, म्हणून ती जाते. भट्टीवर पाळणाघर असतं तर ही आज वर्गात बसली असती. मुलींच्या शिक्षणावर मी खूप भाषणं ऐकली आहेत, काही दिलीही आहेत. त्यात पाळण्याची गोष्ट फारशी कुणी काढत नाही. या वाडीतून गेल्या चार वर्षांत शाळा सोडलेल्या मुलींची नावं ताईंच्या वहीत आहेत. मी ती उजेडात धरून वाचतेय. नावापुढच्या कारणाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द येतो, "भाऊ".

"आजीजवळ ठेवा ना पोरीला," ताई बापाला म्हणतात.

आजी तिथेच उभी आहे. खांद्यावर फाटकी शाल. "मी ठेवीन बाय," ती म्हणते. "पर तिच्या पोटात काय घालू? दगूड?"

मुद्दा साधा आहे आणि ताईंना तो पाठ आहे. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीतली अतिअसुरक्षित आदिवासी जमात. महाराष्ट्रात अशा तीनच आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. या घरांना अंत्योदयाचं कार्ड असतं, महिन्याला 35 किलो धान्य. पण कार्ड बापाच्या नावाचं आणि रेशन दुकानातल्या यंत्राला अंगठाही कार्डावरच्याच माणसाचा लागतो. बाप भट्टीवर गेला की धान्य दुकानातच पडून. गेल्या श्रावणात ताईंनी तहसीलला तीन खेपा घालून या आजीचं नाव कार्डावर चढवून घेतलं. आता अंगठा तिचा चालेल. तरी अडचण आहेच. जन्मभर खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या धरून, लाकडं फोडून तिच्या बोटांवरच्या रेघा झिजल्यात, आणि यंत्र त्या ओळखत नाही. ती मला हात उघडून दाखवते. तळवा गुळगुळीत आहे, पाण्यातल्या दगडासारखा.

"दुकानदाराला सांगितलंय, नायच घेतला तर मी येईन," ताई म्हणतात. "आनि तवर गावातनं तांदूळ येतोय."

हा गावातला तांदूळ म्हणजे ताईंच्या बचत गटाने तीन वर्षांपूर्वी सुरू केलेली गोष्ट. खाली खारेपाटात भातं झोडून झालीत. गटातली प्रत्येक बाई नव्या भाताची एक पायली बाजूला काढते. ती पोती मागे राहणाऱ्या आज्यांच्या घरी जातात. एवढंच. या कामाला नाव नाही, फलक नाही. मी ताईंना म्हणते, याला काहीतरी नाव द्या. त्या म्हणतात, "नाव दिलं की उद्घाटन आलं."

एवढ्यात अंगणवाडीच्या बाई बाळाला जवळ घेतात. त्यांच्या पर्समध्ये कागदी पट्टी आहे, हिरवा-पिवळा-लाल अशी रंगवलेली. दंडघेर मोजायची पट्टी. त्या बाळाचा डावा हात हलकेच सरळ करतात, खांदा आणि कोपराच्या मध्ये पट्टी गुंडाळतात, खाचेतून ओढून घेतात. मी टॉर्च धरते. बाळ रडत नाही. त्याची ती न रडण्याची पद्धत मला आवडत नाही. पट्टीची खूण लाल भागात थांबते. 11.2 सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण.

बाई एकदा माझ्याकडे बघतात, एकदा ताईंकडे. मग पुन्हा मोजतात. पुन्हा 11.2.

माझ्या अंगठा आणि तर्जनीच्या वेढ्यात तो दंड सहज मावतो. वर जागा उरते.

"हा जाणार नाही," अंगणवाडीच्या बाई म्हणतात. आवाज चढवत नाहीत. "याला पंधरा दिवस अंगणवाडीत आणून बसवायचं. दिवसातनं आठ वेळा खाऊ घालणार आहोत. उद्या डॉक्टरला दाखवू. ताप निघाला, सूज निघाली, तर जिल्हा रुग्णालयात न्यायचं."

"आणि मी?" आई विचारते. ती पहिल्यांदाच बोलतेय.

"तू बी."

"उचल घेतलीय."

टेम्पोभोवती एकदम शांतता होते. सगळ्यांनाच कळतंय की अडलंय ते इथे. ताई वहीत बघून भट्टीवाल्याला फोन लावतात. सहा वाजायला आलेत. तो उठलेला आहे, हंगामाचे दिवस आहेत.

"शेठ, नमस्कार. वाडीवरनं बोलतेय. तुमचं एक जोडपं आहे, त्यातला माणूस येतोय, बाई पंधरा दिवसांनी येईल. पोर लाल पट्टीत आहे... नाही, तुमची उचल कुठं बुडत नाही... शेठ, ऐका. हे पोर तुमच्या भट्टीवर येऊन दगावलं तर पंचनामा तुमच्या भट्टीवर होईल. मला तुमच्याशी भांडायचं नाही... हो. हो. मी लिहून ठेवते. पंधरा दिवस."

फोन ठेवून त्या खरंच लिहून ठेवतात. तारीख, वेळ, शेठचं बोलणं. मग बापाला म्हणतात, "तू चढ."

आई बोचकं उतरवून घेते. पोरगी काही क्षण तशीच उभी राहते. मग तिच्या लक्षात येतं की भाऊ राहिला म्हणजे ती पण राहिली. ती हसत वगैरे नाही. अंगातला बापाचा शर्ट काढते, घडी घालून त्याच्या हातात देते. भट्टीवर थंडी असते.

पंधरा दिवसांनी काय, हे आत्ता कुणी बोलत नाही.

मागून एक म्हातारा पुढे येतो. त्याच्या नातवाला ठेवायला घरात कुणीच नाही. गेल्या महिन्यात जीपमधून एक साहेब आले होते, तो सांगतो. मुलं द्या म्हणाले, वसतिगृह आहे, जेवण, कपडे, इंग्रजी शाळा, सगळं फुकट. नंबर देऊन गेलेत. चिठ्ठी त्याने पिशवीत जपून ठेवलीय. ताई चिठ्ठी घेतात, उलटसुलट बघतात. "संस्थेचं नाव? नोंदणी? बालकल्याण समितीचा कागद?" म्हाताऱ्याला यातलं काही माहीत नाही. ताई चिठ्ठी वहीत ठेवून देतात. "मी आधी चौकशी करते. तवर कुणाच्या गाडीत पोरगा बसवू नको, आज्या."

ताईंची ही सावधगिरी उगाच नाही. इथून समुद्राच्या कडेने दक्षिणेला गेलं की काशीद आणि पुढे मुरूड. मुंबईत कुलाब्याला आणि इथे मुरूडला 'अँकरेज' नावाचे मुलांचे निवारे चालत. चालवणारे ब्रिटिश नागरिक होते. मुलांना छप्पर होतं, जेवण होतं. 2001 मध्ये तिथल्या मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार चाइल्डलाइनने आणि बालहक्कांसाठी झटणाऱ्या वकिलांनी पुढे आणली. मार्च 2006 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. जुलै 2008 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. 18 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांची साक्ष खरी मानून शिक्षा पुन्हा कायम केली. तोवर त्या मुलांचं बालपण संपलं होतं. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी स्वतंत्र कायदा, पॉक्सो, त्यानंतर म्हणजे 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. आज मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला बालन्याय कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे. पण वाडीवर जीप येते तेव्हा नोंदणी विचारणारं माणूस तिथे असावं लागतं. आपल्या जिल्ह्यातच हे घडून गेलंय, हे रायगडकरांनी विसरू नये असं मला फार वाटतं.

साडेसहा. उजाडलंय. शाळेचे गुरुजी मोटरसायकलवरून येतात, शर्टाच्या खिशात पेन, पिशवीत कागद. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकं. मूल कुठल्या इयत्तेत आहे, त्याला काय काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. भट्टीजवळच्या शाळेने ते बघून त्याला बसवून घ्यायचं. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे त्यात स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, हेही त्यात आहे. गुरुजी टेम्पोच्या फळीवर कागद ठेवून एकेक भरतात. एका मुलाला ते विचारतात, "सतरा साता?" मूल गोधडीतून डोकं बाहेर काढून सांगतं, "एकशेएकोणीस." गुरुजी लिहितात: सतरापर्यंत पाढे येतात.

"कागद कितपत चालतो?" मी त्यांना विचारते.

"शाळा जवळ असली तर चालतो. भट्ट्या गावाबाहेर असतात, खाडीच्या कडेला, हायवेपलीकडे. चार किलोमीटर पोरगं कसं चालणार?" ते कागदाची घडी घालतात. "आणि आईबापांनी तो जपून ठेवला तर. मागच्या वर्षी तीन मुलांना लॅमिनेशन करून दिलं होतं. दोन मुलं बसली."

वसईच्या विधायक संसदेने 1990च्या दशकात यावर एक वाट काढली होती. मूल शाळेपर्यंत येत नाही ना, मग शाळा भट्टीवर न्यायची. वीटभट्टीवरच्या मजुराच्या खोपट्याला भोंगा म्हणतात; म्हणून ती भोंगाशाळा. ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर अशा अनेक शाळा चालल्या. कल्पना अतिशय मोलाची. पण मला ती पहिली पसंती वाटत नाही. भट्टीच्या धुरात भरलेला वर्ग हा वर्गच आहे, तरी शेजारी विटा पालटायच्या पडलेल्या असतातच. मूल आपल्या घरी, आपल्या वाडीच्या शाळेत राहिलं पाहिजे, आणि ते साधलं नाही तरच भोंगाशाळा. ताईंचं मत वेगळं आहे. "पसंती-बिसंती तुमची," त्या म्हणतात. "मला भट्टीवर एक बाई शिकवायला मिळाली ना, मी तिच्या पाया पडेन."

टेम्पो सुरू होतो. ताई शेवटची बेरीज करतात. शाळेच्या वयाची मुलं चौदा. राहिली पाच, चालली नऊ. नवांपैकी आठांकडे हमी पत्रक. एका मुलाचं नाव कुठल्याच पटावर नाही, कारण त्याचा जन्मदाखलाच झालेला नाही. तो भट्टीवरच जन्मला, नोंद तिथेही झाली नाही आणि इथेही. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून आधारपर्यंत सगळीकडे हाच एक दाखला पुरावा धरला जाणार आहे. ताई त्या ओळीखाली दोन रेघा ओढतात.

गाडी धुरळा उडवत रस्त्याला लागते. ती पोयनाडवरून वडखळच्या दिशेला जाईल. अलिबागच्या अलीकडे तिला समोरून मुंबईच्या गाड्या भेटतील. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून त्या थेट समुद्र ओलांडून येतात. किहीम, आवास, नागाव, जिकडे बघावं तिकडे बंगल्यांची कामं चाललीत. त्या प्रत्येक कामावर विटांचा ढीग असतो. मी अलिबागची. माझ्या घराच्या विटा कुठल्या भट्टीवरून आल्या, हे मी बांधकामाच्या वेळी विचारलं नव्हतं. सिमेंट कुठलं, वाळू कुठली, हे सगळं विचारलं होतं.

साडेदहाला आम्ही शाळेत आहोत. दोन खोल्या, पुढे पडवी. भिंतीवर फुले, आंबेडकर, आणि त्यांच्या शेजारी मुलांनी खडूने काढलेलं नाग्या कातकऱ्याचं चित्र. 25 सप्टेंबर 1930 ला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात इंग्रजांच्या गोळीबारात जे हुतात्मे झाले, त्यांतला हा एक. चित्रात त्याच्या हातात कोयता आहे आणि डोक्यावर भलंमोठं झाड. मुलांना तो तारखेनिशी पाठ आहे.

पट एकोणीस. काही मुलं कालच गेली, काही आज. वर्गात आठ जण बसलेत. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार 2023 मध्ये राज्यात पुढे आला होता, तेव्हा गुरुजींनी ताईंच्या मदतीने पालकांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले होते. ही शाळा हलली तर पुढची शाळा ओढ्यापलीकडे आहे. पावसात ओढा भरतो.

गुरुजी हजेरी घेतात. गेलेल्या मुलांची नावंही ते गाळत नाहीत.

पहिलं नाव. "हजर."

दुसरं नाव. वर्गातूनच कुणीतरी सांगतं, "भट्टीवर."

तिसरं. "भट्टीवर."

चौथं. "हजर."

पाचवं. "भट्टीवर."

मुलं हे पाढे म्हणावेत तशी म्हणतात, एका सुरात. गुरुजी प्रत्येक वेळी थांबतात, वर बघतात, मग खूण करतात. मी दाराशी उभी आहे. सातवं नाव तिचं. ती मागच्या भिंतीला टेकून बसलीय, तेल लावून वेणी घातलीय, कडेवर आज कुणी नाही. भाऊ पलीकडे अंगणवाडीत आईच्या मांडीवर आहे, त्याला दुसरी वाटी भरवणं चाललंय.

"हजर," ती म्हणते. आवाज जरा मोठाच निघतो. पुढची दोघं मागे वळून बघतात.

दुपारी परत निघताना ताई माझ्या हातात वहीचं एक पान फाडून देतात. त्यावर नऊ मुलांच्या भट्ट्यांची गावं आहेत, पेण आणि उरण तालुक्यांतली. "तुम्ही लिहिणार ना," त्या म्हणतात, "मग एवढं लिहा."

ते लिहिते. तुम्ही घर बांधत असाल तर ठेकेदाराला विटांची भट्टी विचारा आणि एकदा तिथे जाऊन या. पेण-उरण-पनवेलच्या बाजूला राहत असाल तर गावाबाहेरच्या भट्टीवर एक चक्कर मारा. शाळेच्या वेळेला शाळेच्या वयाचं मूल तिथे दिसलं, तर जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगा आणि 1098 ला फोन करा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. मूल झोपलेलं असेल तर त्याला उठवू नका. त्याच्या बोचक्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद असेल. त्यावर त्याला कितीपर्यंत पाढे येतात ते लिहिलेलं आहे.